भाजल्यानंतरचे उपचार: पहिल्या वीस मिनिटांपासून वर्षभराच्या काळजीपर्यंत

भाजलेल्या माणसावरचे उपचार तीन ठिकाणी होतात: जिथे तो भाजला त्या जागी, दवाखान्यात, आणि दवाखान्यातून परतल्यावर घरी. मधला टप्पा डॉक्टरांचा असतो. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र जवळपास पूर्णपणे घरच्या माणसांच्या हातात असतो, आणि हात पुढे काम करेल की आखडून बसेल, व्रण सपाट होईल की दोरखंडासारखा उभा राहील, हे बऱ्याच अंशी या दोन टप्प्यांतच ठरते. ज्या कुटुंबावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी, तसेच मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आणि वाड्या-तांड्यांवर नव्याने काम सुरू केलेल्या आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. शेवटी, भाजल्यासारख्या दिसणाऱ्या पण वेगळे उपचार लागणाऱ्या काही त्वचाविकारांचाही विचार केला आहे, कारण गावात या दोहोंची गल्लत वारंवार होते.

पहिली वीस मिनिटे

कपड्यांनी पेट घेतला असेल तर माणसाला पळू देऊ नये. पळण्याने ज्वाळा वाढतात आणि तोंडाकडे चढतात. त्याला जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड सुती चादर, गोधडी, घोंगडी टाकून आग दाबावी. नायलॉनची किंवा पॉलिस्टरची साडी वितळून कातडीला चिकटली असेल तर ती ओढून काढू नये, तिच्या भोवतीचे कापड कात्रीने कापावे. बांगड्या, पाटल्या, अंगठी, जोडवी, पैंजण, करदोटा हे सगळे लगेच उतरवावे, कारण तासाभरात सूज चढते आणि मग ही आभूषणेच बोटाचा किंवा मनगटाचा रक्तपुरवठा तोडतात.

त्यानंतर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते, थंड, साधे पाणी सोडावे. दोन मिनिटे पाणी घालून थांबणे पुरेसे नाही, कारण कातडीच्या वरच्या थरातील उष्णता आगीपासून दूर गेल्यावरही खालच्या थरांना भाजत राहते. पाण्याचा हा उपयोग भाजल्यापासून सुमारे तीन तासांपर्यंत होतो. त्यामुळे सुरुवातीला कोणालाच सुचले नसेल, तरी तासाभराने आठवले म्हणून ते टाळू नये. बर्फ किंवा बर्फाचे पाणी मात्र वापरू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम आणखी खोल जाते.

मराठवाड्यात या साध्या सूचनेला दोन अडचणी येतात. पहिली अशी की, एप्रिल-मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देईल इतके तापलेले असते. त्या वेळी नळ सोडण्यापूर्वी पाणी हातावर घेऊन पाहावे. माठातले, रांजणातले, सावलीतल्या हौदातले किंवा थेट बोअरचे पाणी अशा वेळी जास्त उपयोगाचे. दुसरी अडचण टँकरवर जगणाऱ्या गावांची आहे. तांब्याने संथ धार धरली तर मिनिटाला साधारण एक लिटर, म्हणजे वीस मिनिटांना एक मोठी बादली पाणी पुरते. तेवढेही नसेल तर खाली स्वच्छ पातेले ठेवून तेच पाणी पुन्हा वापरावे, किंवा स्वच्छ सुती कापड ओले करून ठेवावे आणि ते कोमट होताच बदलावे. वाहत्या पाण्याइतका याचा गुण येत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा तो कितीतरी बरा आहे. टंचाईच्या दिवसांतही या एका कारणासाठी घरातले पिण्याचे पाणी खर्च करायला मागेपुढे पाहू नये, असे माझे ठाम मत आहे.

लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचे अंग कोरड्या पांघरुणात ठेवावे. मूल थरथरू लागले तर पाणी थांबवावे, कारण शरीराचे तापमान फार खाली जाणे हाही धोकाच आहे.

जखमेवर टूथपेस्ट, हळद, तूप, खोबरेल, शाई, नीळ, अंड्याचा बलक, बटाट्याचा कीस, चुना, शेण यांपैकी काहीही लावू नये. स्निग्ध पदार्थांचा थर उष्णता आत कोंडतो. शाईसारखा रंग जखमेची खोली झाकून टाकतो आणि डॉक्टरांना निदान करता येत नाही. आणि हे सगळे नंतर घासून काढावे लागते, त्यात रुग्णाला ज्या यातना होतात त्या प्रत्यक्ष भाजण्यापेक्षा कमी नसतात. शेणामातीतून धनुर्वात होऊ शकतो तो वेगळाच. हळद लावणाऱ्या आजीची माया खरी असते, म्हणून तिच्यावर रागावण्यापेक्षा तिच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा.

पाणी घालून झाल्यावर धुतलेल्या सुती कापडाने, जुन्या पण स्वच्छ धोतराने किंवा स्वयंपाकघरातील पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जखम सैल झाकावी. फोड फोडू नयेत.

विजेने आणि रसायनाने भाजल्यास

शेतातील मोटर, उघडा स्टार्टर, डीपीवरचा फ्यूज, लोंबकळणारी तार आणि आकडा या मराठवाड्यातील विजेच्या अपघातांच्या नेहमीच्या जागा आहेत. प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत माणसाला हात लावू नये. घरगुती जोडणी असेल तर मुख्य बटण बंद करावे. उच्चदाबाची तार असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद होईपर्यंत लांबच थांबावे, कारण तिथे कोरडी काठीसुद्धा भरवशाची नसते. श्वास थांबला असेल तर प्रवाह तुटल्यावर छातीदाब सुरू करावेत. विजेची जखम वरून रुपयाएवढी दिसते आणि आत स्नायू हाडापर्यंत भाजलेले असतात. म्हणून जखम कितीही लहान दिसली तरी हृदयाचा आलेख आणि लघवीची तपासणी व्हायलाच हवी. लघवी काळ्या चहासारखी होणे म्हणजे मेलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागले आहे.

आम्ल, बॅटरीचे पाणी किंवा संडास स्वच्छ करण्याचा द्रव अंगावर पडला तर कपडे काढून निदान अर्धा तास, शक्य असल्यास त्याहून जास्त वेळ पाणी घालावे. हे पाणी पुन्हा वापरू नये. कोरड्या चुन्याची भुकटी असेल तर ती आधी झटकावी आणि मगच भरपूर पाणी सोडावे. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडतो. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण चुना बुबुळात खोलवर मुरत जातो. पापणी उघडी धरून अर्धा तास सतत पाणी सोडावे, पापणीखालचे कण ओल्या कापडाने टिपावेत आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

जखम किती खोल, किती पसरलेली

खोली ओळखण्याच्या खुणा नवख्या माणसाला उलट्या वाटतात. उन्हाने किंवा वाफेने कातडी नुसती लाल झाली, दुखते, पण फोड नाही, तर ती आठवडाभरात बरी होते. फोड आले, खाली गुलाबी ओलसर कातडी आहे आणि हवा लागली तरी झोंबते, तर जखम दोन ते तीन आठवड्यांत भरते. तळ पांढुरका किंवा गडद लाल ठिपक्यांचा आहे आणि दुखणे कमी आहे, तर जखम खोल आहे, भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागतील आणि व्रण राहील. कातडी पांढरी, तपकिरी, काळी, चामड्यासारखी कडक झाली आहे आणि स्पर्शच कळत नाही, तर कातडीचा पूर्ण थर मेला आहे. ‘दुखत नाही म्हणजे फार भाजले नाही’ हा समज घातक आहे. मज्जातंतूंची टोके जळाली म्हणून दुखत नसते. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा पोटरीला बसलेला चटका याचे नेहमीचे उदाहरण: आकार तळहाताहून लहान, पण कित्येकदा जखम महिनाभर भरत नाही.

पसारा मोजण्याची सोपी पद्धत अशी की, रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का. प्रौढांत डोके व मान ९, प्रत्येक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियाचा भाग १ टक्का धरतात. लहान बाळात डोके मोठे असल्याने ते १८ टक्क्यांच्या आसपास आणि पाय त्या मानाने कमी भरतो. नुसती लाली या हिशेबात धरत नाहीत.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर गावातल्या पट्टीवर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे: प्रौढात १० टक्के किंवा मुलात ५ टक्क्यांहून जास्त भाजणे, चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय किंवा सांध्यावरची जखम, हाताला किंवा पायाला सर्व बाजूंनी वेढणारी जखम, वीज किंवा रसायन, पूर्ण थराची जखम, वयोवृद्ध, गरोदर किंवा मधुमेही रुग्ण. बंद खोलीत किंवा उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत आग लागली असेल आणि नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा झालेला दिसला, तर श्वासनलिका सुजण्याआधी काही तासच हाती असतात. रुग्ण बोलत असला, चालत असला, तरी अशा वेळी उशीर करू नये.

वाटेत

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: भाजल्याची नेमकी वेळ, कशाने भाजले, रुग्णाचे अंदाजे वजन, आणि चालू औषधे व ॲलर्जी. यांतील वेळ सर्वांत मोलाची का, हे पुढे येईल. रुग्ण शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल आणि वाट लांबची असेल तर ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. साधे पाणी तांब्याच्या तांब्या पाजू नये, त्याने उलट्या होतात आणि रक्तातील क्षार आणखी उतरतात. हातपाय उंचावर ठेवावेत. चेहरा भाजला असेल तर रुग्णाला बसते ठेवावे.

मराठवाड्यात शासकीय पातळीवर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय (घाटी), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडमध्ये विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी रुग्णालये आहेत. सीमेवरच्या तालुक्यातून तिथे पोहोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. म्हणून मोठी जखम असेल तर वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थांबून शिरेतून सलाइन सुरू करून घ्यावे आणि मगच पुढे जावे.

दवाखान्यात काय होते आणि का

मोठ्या भाजण्यात रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातील पाणी बाहेर जाऊन रुग्ण पहिल्या दोन दिवसांत ‘शॉक’मध्ये जातो, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचेनासे होते. त्यासाठी रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाइन शिरेतून दिले जाते. नेहमीचा हिशेब असा: ४ मिलिलिटर × वजन × भाजल्याचे टक्के. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७,२०० मिलिलिटर, म्हणजे सात लिटरहून जास्त द्रव २४ तासांत द्यायचा असतो आणि त्यातला अर्धा पहिल्या ८ तासांत. हे आठ तास दवाखान्यात पोहोचल्यापासून मोजत नाहीत, ते भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. तीन तास वाटेत गेले तर ३,६०० मिलिलिटर उरलेल्या पाच तासांत जायला हवे. वर सांगितलेली वेळ लिहून ठेवण्याचे कारण हे. पुढे सलाइनचा वेग लघवीच्या प्रमाणावरून कमी-जास्त करतात: प्रौढात तासाला दर किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर, लहान मुलात एक. नातेवाइकांना लघवीची पिशवी पुन्हा पुन्हा पाहणारी परिचारिका दिसते, ती या कारणाने.

धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. पहिल्याच दिवशी तीव्र अँटिबायोटिकचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. जंतुसंसर्गाची चिन्हे नसताना ती दिल्यास पुढे औषधाला दाद न देणारे जंतू माजतात. हाताला किंवा छातीला कडक कातडीचा वेढा पडला असेल तर डॉक्टर त्या मेलेल्या कातडीवर लांब छेद घेतात. दिसायला ते भयंकर असते, पण त्यामुळे आतला रक्तपुरवठा किंवा श्वास मोकळा होतो. संमती द्यायला उशीर करू नये.

भाजलेल्या रुग्णाची नोंद पोलिसांकडे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते आणि त्याला घाबरून अनेक कुटुंबे खरे कारण लपवतात. ही नोंद झाली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की, आधी जीव वाचवायचा आणि कागद नंतर. भाजलेली व्यक्ती विवाहित स्त्री असेल तर तिला एकटीला, सासर-माहेरच्या कोणाच्याही दबावाविना बोलू द्यावे. आशा कार्यकर्तीने हे ध्यानात ठेवावेच. आम्लहल्ल्यातील पीडितेवर शासकीय आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल झाल्याच्या दिवशीच भेटावे. कारण आधी खर्च करून नंतर परतावा मिळेल, अशी ही योजना नाही. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे.

तीन आठवड्यांत भरणार नाही अशा जखमेवरची मेलेली कातडी शस्त्रक्रियेने काढून तिथे रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी लावतात. मांडीवरचा जो भाग उघडा पडतो तो साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरतो, मात्र सुरुवातीला लावलेल्या कातडीपेक्षा तोच जास्त दुखतो. हे आधी सांगितले तर रुग्ण घाबरत नाही. या उघड्या भागासाठी आणि उथळ भाजलेल्या जखमांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान मेणचट असल्याने जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. अर्धापूर-वसमतच्या केळीच्या पट्ट्यात ही माहिती कोणालाही आपलीशी वाटेल, पण तिथे वापरलेले पान निर्जंतुक केलेले होते. बागेतून तोडलेले पान घरी जखमेवर बांधणे वेगळे आणि धोक्याचे.

स्वतःची कातडी पुरत नाही इतके भाजलेल्या रुग्णाला मृत्युपश्चात दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लावतात. सायन रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. त्वचादान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करावे लागते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि मांड्या-पाठीवरचा केवळ वरचा पातळ थर घेतला जात असल्याने देह विद्रूप होत नाही. नेत्रदानाची ओळख आपल्याकडे आता घरोघरी आहे. त्वचादानाचीही व्हावी, असे मनापासून वाटते.

मलम आणि घरची पट्टी

सिल्व्हर सल्फाडायझिन हे १ टक्क्याचे पांढरे मलम गावोगावी औषध दुकानांत मिळते आणि भाजले की तेच लावायचे, अशी समजूत आहे. खोल जखमेत शस्त्रक्रिया होईपर्यंत जंतू रोखायला ते उपयोगी आहे. उथळ, गुलाबी जखमेवर मात्र ते रोज घासून काढण्यात नवी कातडी निघते, भरणे लांबते आणि वर पिवळसर साय धरते ती पू वाटते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, दोन महिन्यांखालील बाळांना आणि प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना ते लावू नये. उथळ जखमेसाठी पॅराफिनची जाळी किंवा कोलॅजनचा पापुद्रा चांगला. कोलॅजन एकदा बसले की ते ओढायचे नसते, कातडी भरत येईल तसे ते आपोआप सुटते.

घरी पट्टी करायला डॉक्टरांनी सांगितले असेल तर क्रम असा ठेवावा. अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी द्यावी. हा एक नियम पाळला तरी मूल पट्टीच्या नावाने रडायचे कमी होते. पंखा बंद करावा, हात साबणाने धुवावेत. टँकरचे किंवा बोअरचे पाणी उकळून झाकून गार केलेले असावे. जुनी पट्टी चिकटली असेल तर त्याच पाण्याने भिजवून सुटेपर्यंत थांबावे. सौम्य साबणाने जखम धुवावी, स्वच्छ कापडाने टिपावी, सांगितलेली जाळी किंवा मलम लावून वर गॉज आणि सैल पट्टी बांधावी. बोटे कधीही एकत्र गुंडाळू नयेत. दोन बोटांच्या मध्ये गॉज ठेवून प्रत्येक बोट वेगळे बांधावे, नाहीतर ती एकमेकांना जुळून बसतात.

ताप, दुर्गंधी, हिरवट स्राव, भोवतालची लाली पसरणे, दुखणे कमी होऊन पुन्हा वाढणे, किंवा गुलाबी जखम काळवंडणे दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. लहान मुलात जखम अगदी छोटी असली तरी पहिल्या काही दिवसांत एकदम मोठा ताप, अंगावर पुरळ, जुलाब-उलट्या आणि ग्लानी आली तर ते जंतूंच्या विषाचे लक्षण असू शकते. अशा मुलाला त्याच तासाला रुग्णालयात न्यावे.

आहाराबद्दल एकच सांगणे आहे: पथ्य नको. डाळीने, अंड्याने, आंबटाने पू होतो, या समजुतीपायी रुग्णाला पेजेवर ठेवले जाते, आणि नेमकी याच काळात शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिने हवी असतात. भाकरीबरोबर घट्ट वरण, अंडी, दूध-दही, शेंगदाण्याचा कूट, मटकी, हुलगे, लिंबू, पेरू हे सगळे चालते आणि हवेच असते.

सांधे आखडू न देणे

हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भाजलेला माणूस ज्या स्थितीत आराम वाटतो त्या स्थितीत पडून राहतो, आणि नेमक्या त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजली असेल तर उशी काढून घ्यावी आणि खांद्याखाली घडी ठेवून मान मागे राहील असे पाहावे. काख भाजली असेल तर हात अंगापासून लांब, कोपर व गुडघा भाजला असेल तर सरळ, पाऊल भाजले असेल तर घोट्यात काटकोन. हाताच्या पंजासाठी फिजिओथेरपिस्ट प्लॅस्टिकची खपची (आधाराची कडक पट्टी) करून देतात, ती रात्री न चुकता बांधावी.

कातडी लावल्यावर पहिले पाच-सहा दिवस तो भाग हलवायचा नसतो. त्यानंतर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून दिवसातून अनेकदा सांधा पूर्ण ताणावा. त्यात दुखणारच. रुग्णाला दुखते म्हणून आई व्यायाम थांबवते, ते स्वाभाविक आहे, पण सहा महिन्यांनी मान छातीला जुळलेली पाहणे त्याहून फार कठीण असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न इथे खरा अवघड होतो. दिवाळीनंतर तोडीसाठी गाव सुटले की व्यायाम आणि तपासण्या दोन्ही तुटतात. अशा वेळी निघण्यापूर्वी व्यायाम लिहून आणि करून दाखवून घ्यावा, डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात ते दाखवावे.

व्रणाची वर्षभराची काळजी

जखम भरली की उपचार संपले, असे वाटते. व्रण मात्र पुढचे बारा ते अठरा महिने घडत असतो. पहिल्या काही महिन्यांत तो लाल, कडक, उंच होतो आणि प्रचंड खाजतो. नव्या कातडीत तेलग्रंथी कमी असल्याने दिवसातून तीन-चार वेळा साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने गोलाकार चोळावे. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल चालते. ताज्या जखमेवर नाही. खाज फार असेल तर डॉक्टर सेटिरिझिनसारखी गोळी देतात. भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागलेल्या जखमेसाठी मापाचे दाबाचे कपडे दिवसाचे तेवीस तास, निदान सहा महिने ते वर्षभर वापरायचे असतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे पाळणे फार जड जाते, म्हणून दोन जोड करून घ्यावेत, रोज धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. लहान व्रणासाठी सिलिकॉनचा पापुद्रा किंवा जेल पुरते.

नव्या व्रणावर ऊन पडले की तो काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. शेतात जाताना पूर्ण बाहीचा सुती सदरा, रुमाल, पदर आणि उघड्या भागावर तीसहून जास्त एसपीएफचे सनस्क्रीन वापरावे. डाग घालवण्यासाठी दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडयुक्त गोरेपणाचे मलम लावू नये; आधीच नाजूक कातडी त्याने पातळ होते आणि दाबाच्या कपड्याखाली गजकर्ण पसरतो. सांधा आखडलाच असेल तर व्रण मऊ झाल्यावर शस्त्रक्रियेने तो मोकळा करता येतो, वर्षे उलटून गेली असली तरी. जुन्या भाजल्याच्या व्रणावर महिनोन्महिने न भरणारी, वारंवार फुटणारी जखम असेल तर तिचा तुकडा तपासून घ्यावा, कारण अशा जागी क्वचित कर्करोग उद्भवतो.

भाजल्यासारखे दिसते, पण भाजलेले नसते

पायात काटा मोडला की तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत अजून आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की एक-दोन दिवसांत ती जागा लाल होऊन फोड येतात आणि हात लागेल तिथे तेल पसरते. ते लागताच साबण आणि पाण्याने धुवावे, नखे आणि कपडेही धुवावेत. यावर भाजल्याचे मलम उपयोगी नाही. त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक दिवसांसाठी स्टेरॉइड मलम देतात. खुरपणीनंतर चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन जाड होत असतील तर गाजर गवताची ॲलर्जी असू शकते, आणि ते टाळल्याशिवाय कोणतेही मलम टिकाऊ गुण देत नाही.

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आधी आग आणि ठणका, मग पट्ट्यात फोड, ही नागीण. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या भीतीने लोक मंत्र घालणाऱ्याकडे जातात आणि गेरूचा लेप लावतात. ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सर्वांत चांगला गुण येतो आणि आजार सौम्य राहतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळा धोक्यात असतो.

सर्वांत घातक प्रकार औषधाच्या प्रतिक्रियेचा आहे. फिट्सचे, युरिक ॲसिडचे किंवा सल्फाचे नवे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, डोळे लाल, तोंडात व्रण आणि मग अंगाची कातडी उकळत्या पाण्याने भाजल्यासारखी सुटू लागते. शंका येताच ते औषध बंद करून औषधाच्या पाकिटासह रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्याची शुश्रूषा भाजलेल्या रुग्णासारखीच, द्रव, स्वच्छता आणि डोळ्यांची काळजी घेऊन करतात. बरे झाल्यावर त्या औषधाचे नाव मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद शिधापत्रिकेच्या पिशवीत कायम ठेवावा आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर तपासणीपूर्वीच तो दाखवावा.